तीन की आठ?

लग्नाची फोटोग्राफी म्हणजे सावली मारायचा धंदा. नवरीच्या नाकाशेजारी काळं दिसलं की सासर-माहेर दोघंही आपल्यावर खवळतात. जालन्यातल्या गोऱ्यांच्या जुन्या कबरस्तानात मात्र सगळं उलटं. तिथं अक्षराच्या खाचेत सावली पाडावी लागते. इथं इंग्रजी फौजेची छावणी होती, 1803 च्या लढाईचं असईही याच जिल्ह्यातलं. त्यामुळे वंशावळ शोधणारे परदेशी लोक कधीमधी असं काम देतात. लग्नसराई नसली की मी घेतो.

यंदाचं काम एका लहान मुलाच्या कबरीचं. काळा पाषाण टिकतो, पण संगमरवर पावसानं साखरेसारखा भुसभुशीत होतो, बोट फिरवलं की कण हाताला लागतात. त्याला साधं पाणी आणि मऊ ब्रश, बस. इथं मात्र कुण्या शहाण्यानं तारेच्या ब्रशनं घासून वर काळा ऑइलपेंट भरलेला. वय लिहिलं होतं 3.

शिळेचं तोंड पूर्वेला. सकाळी ऊन समोरून येतं, सगळं सपाट. बाराच्या सुमाराला ते वरून घसरत येतं, तेव्हा अक्षरं उठतात खरी, पण फक्त आडव्या रेघा. उभ्या रेघा उजेडाच्याच दिशेत असतात, सावली कशी पडणार? इंग्रजी ‘एच’ची नुसती मधली काडी दिसते. आठाच्या आकड्याचे तीन आडवे तुकडे दिसतात. पेंटर बहुतेक त्याच वेळी आला असावा.

दुपारनंतर शिळा सावलीत गेली. कपाटाचा आरसा रिक्षात घालून आणला होता. पोऱ्याला तो डावीकडे उन्हात धरायला लावला आणि कवडसा दगडाला घासून जाईल असा फिरवला. तीनच्या डाव्या अंगाला, रंग नव्हता तिथं, दोन कमानी उठल्या. आठ! आरसा उजवीकडे नेला, तर सावली कमानीच्या दुसऱ्या काठाला गेली. डाग असता तर जागचा हलला नसता.

राखणदार चाचा वाकून बघत म्हणाले, “रॉकेलनं पुसू का रंग?” मी हात जोडले. एकदा घासून झालंय तेवढं पुरे.

लॅबमधल्या पोरानं त्यावर कडी केली. मला न विचारता फोटो एआयमधून काढला आणि “क्लिअर केला, सर” म्हणाला. रंगवलेला 3 लखलखीत, कमानी गायब! या पोरांना दगड आणि गाल एकच वाटतात.

गिऱ्हाइकाला दोन्ही बाजूंचे फोटो पाठवले, सगळं समजावून लिहिलं. उत्तर आलं: आभारी आहोत, पण आमच्या वंशावळीत तीनच आहे, तीन स्पष्ट दिसेल तोच प्रिंट द्या. विचारलं तेव्हा कळलं, वंशावळीतलं वयही या रंगवलेल्या शिळेच्याच जुन्या फोटोवरून घेतलेलं!

पैसे त्यांचे, प्रिंट त्यांचा. मागितला तसा दिला. पाकिटात आरशाचे दोन्ही फोटोही घातले, मागे पेन्सिलीनं उजेडाची दिशा लिहून. त्याचे पैसे लावले नाहीत.