खण

भेळ खायला म्हणून रंकाळ्यावर गेलो होतो. पुतण्यानं सोबत दुर्बीण घेतलेली आणि शुक्ल नवमीचा चंद्र वर चढलेला. त्याची तिपाई उभी राहीपर्यंत माझी भेळ सादळली, ही तक्रार आधीच नोंदवून ठेवतो.

"काका, वरच्या टोकाला बघा. क्लेव्हियस."

त्याच्या दुर्बिणीत चंद्र उलटा दिसतो, म्हणून दक्षिण वर. विवर नेमकं उजेड-अंधाराच्या सीमेवर होतं. तळ काळोखात, पण तळातल्या लहान विवरांचे काठ तेवढे उजळलेले. रुदरफर्ड विवरापासून निघालेली त्यांची कमान लहान लहान होत जाते. आजीच्या उतरंडीतली मडकी कुणी उतरवून ओळीनं जमिनीवर मांडावीत तशी. अर्ध्या तासानं पुन्हा डोळा लावला, तर मघा नव्हता तो एक ठिपका चमकत होता. तिथं सकाळ होत होती.

विवराची रुंदी सव्वादोनशे किलोमीटरच्या वर. इथून निघालात तर जवळजवळ पुणं येतं. वय ४०० कोटी वर्षांच्या घरात. शेजारचा टायको त्यामानानं पोरसवदा, जेमतेम ११ कोटींचा. पण तो पडला तेव्हा रंकाळ्याचा काळा कातळ लाव्हा म्हणूनसुद्धा वर आलेला नव्हता. एरवी अंबाबाईच्या देवळाचं वय सांगताना आमची छाती फुगते, ती जरा बसली.

फिरायला आलेले एक आजोबा थांबले. वाकून बराच वेळ बघत राहिले.

"खण हाय की ही! पाणी लागलंय का?"

कोल्हापूरकर दुसरं काय विचारणार? रंकाळाही मुळात दगडाची खण. भूकंप झाला आणि पाणी भरलं, असं जुनी माणसं सांगतात. पलीकडची इराणी खण तर नावानंच खण, आमचे गणपती तिच्यात जातात. कोरडी खण आमच्या डोक्यातच बसत नाही.

"लागलंय की आजोबा!" पुतण्याला चेव आला. विमानात बसवलेल्या सोफिया दुर्बिणीनं याच क्लेव्हियसच्या उन्हातल्या मातीत पाण्याचे रेणू टिपले, २०२० साली ते जाहीरही झालं. "एक घनमीटर मातीत साधारण ३५० मिलिलिटर," असं म्हणत त्यानं आपली पाण्याची बाटली वर धरली. तिच्यात तेवढंच उरलं होतं.

आजोबांनी बाटलीकडं बघितलं, मग चंद्राकडं.

"एवढ्यात तोंड बी धुऊन व्हायचं न्हाई," म्हणाले आणि काठी टेकत पुढं गेले.