९६ च्या मारुती ८०० ची आयडलिंग: काटा साडेबारावरून सोळावर

काल संध्याकाळी पावणेसातला व्हॅक्यूम गेजचा, म्हणजे आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन संथ चालू) इंजिन किती जोराने हवा ओढतं ते दाखवणारा, काटा १६ इंचांवर जाऊन थांबला. जूनपासून तो साडेबाराच्या वर सरकायला तयार नव्हता. दोन मिनिटं मी बॉनेट धरून नुसता ऐकत उभा राहिलो.

मागच्या वेळी मी ब्रेक बूस्टरवर, म्हणजे इंजिनाच्या व्हॅक्यूमवर पेडल हलकं करणाऱ्या डब्यावर, हवा गळतीचा ठपका ठेवला होता. तो मागे घेतो. इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा मारलं, दाबून धरलं आणि चावी फिरवली, तर पेडल जसं खाली जायला हवं तसं गेलं. तरी मन मानेना म्हणून बूस्टरची नळी पकडीने चिमटून पाहिली. काटा जागचा हलला नाही. बूस्टर निर्दोष आहे.

१६ हा आकडा काहींना कमी वाटेल. गेजसोबतच्या कागदावर १७ ते २१ लिहिलेलं असतं, पण ते समुद्रसपाटीचं. पुणे साधारण ५६० मीटरवर आहे आणि दर हजार फुटांना सुमारे एक इंच कमी होतो. म्हणजे किनाऱ्यावरचे १८ आपल्याकडे १६ दिसणार. हा हिशोब आधी केला असता तर मी पूर्ण ऑगस्ट १८ च्या मागे धावलो नसतो.

आता मूळ दुखणं. थंड असताना चोकवर गाडी गुणी, गरम झाली की सिग्नलला मिसिंग, इंजिन मध्येच ठोका चुकवायचं. तीन सिलिंडरच्या इंजिनाला थोडी थरथर असतेच, पण इथे आरशात मागची गाडी दोन-दोन दिसायची. प्लग, पॉइंट, कंडेन्सर, कॅप, रोटर सगळं नवीन. आयडलिंगचं हवा-पेट्रोलचं मिश्रण ठरवणारा मिक्स्चर स्क्रू पार आत नेला तरी इंजिनाला पत्ता नाही. आणि हायवेला ७० वर तीच गाडी लोण्यासारखी. इंजिन हवा खातंय असं म्हणायला एवढं पुरे होतं. आयडलिंगला थ्रॉटल (कार्बोरेटरमधली हवेची वाट उघडणारी पाकळी) जवळजवळ बंद असतं, आत जाणारी हवा मुळात थोडी, त्यामुळे एवढीशी फट मिश्रण बिघडवून टाकते. थ्रॉटल उघडलं की त्याच फटीतली हवा एकूण हवेत हरवून जाते.

पण फट कुठे? कार्ब क्लीनर फवारून मी आधीच फसलो होतो. कुठेही फवारलं तरी आरपीएम बदलायचे, कारण त्याची वाफ एअर क्लीनरच्या तोंडातूनच आत ओढली जायची. या वेळी त्या तोंडाला तीन फुटी पाइप लावून तो फेंडरच्या बाहेर सोडला. तसं करताच खोटे इशारे बंद झाले. गरम एक्झॉस्टजवळ हे रसायन फवारणं मला आता नकोसंच वाटतं, हेही सांगतो.

मग मॅनिफोल्डवरून (कार्बोरेटरपासून सिलिंडरांपर्यंत मिश्रण नेणाऱ्या नळकांड्यावरून) निघणारी प्रत्येक नळी एकेक करून बुचाने बंद केली: बूस्टरची, पीसीव्हीची (इंजिनातली वाफ परत आत ओढणारी), एसीच्या आयडल-अपची (एसी लावल्यावर आरपीएम सावरणारी). सगळ्या बंद करूनही काटा साडेबारावरच. म्हणजे नळ्या सुटल्या. उरलं मॅनिफोल्डचं पॅकिंग, कार्बोरेटरची बैठक आणि थ्रॉटलचा शाफ्ट.

इथे घरी बनवलेलं धुराचं यंत्र कामी आलं: आत धूर भरायचा, फट असेल तिथून तो बाहेर येतो. रंगाचा रिकामा डबा, त्यात बेबी ऑइल, जुन्या डिझेल गाडीचा ग्लो प्लग बॅटरीवर, आणि हवा द्यायला माशांच्या टाकीचा पंप. इंजिन पूर्ण थंड, कार्बोरेटर पेट्रोल काढून रिकामा, डबा गाडीपासून लांब. पंपाचा दाब अगदी कमी असतो, तेवढाच लागतो. एअर क्लीनरचं तोंड बंद करून बूस्टरच्या नळीच्या जागेतून धूर सोडला. तीन-चार मिनिटं काहीच नाही. मग फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) बाजूला, कार्बोरेटरच्या बुडाखालून, उदबत्तीसारखी एक रेघ वर आली. समोरून ती जागा दिसतच नाही, दाढीचा छोटा आरसा धरावा लागला.

कार्बोरेटर उतरवला. बुडाच्या फ्लँजवर स्टीलची पट्टी आडवी ठेवली तर मध्ये ०.२५ मिलिमीटरचं फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सरळ आत गेलं. कोणीतरी मऊ, जाड पॅकिंग घालून नट करकचून आवळले होते, त्याने फ्लँजचे कान खाली वाकले. खालचा काळा इन्सुलेटरही (कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डमधला, उष्णता अडवणारा तुकडा) त्याच आकारात बसला होता.

पाच मिलिमीटरची काच, त्यावर २२० चा पॉलिश पेपर, मग ४०० चा. फ्लँजवर मार्करच्या आडव्या-उभ्या रेघा मारल्या आणि इंग्रजी आठच्या आकारात घासत राहिलो. आधी फक्त कानांवरच्या रेघा पुसल्या, मधल्या तशाच. पावणेदोन तासांनी शेवटची रेघ गेली. या अख्ख्या प्रकल्पातलं मला सर्वांत आवडलेलं काम हेच.

इन्सुलेटर नाना पेठेत मिळाला. पहिल्या दुकानातला अंगठ्याने दाबला जात होता, तो परत ठेवला. दुसऱ्या दुकानातल्या काकांनी मागच्या कपाटातून जुना कंपनी माल काढून दिला. किंमत तिप्पट, पण २०१४ च्या जानेवारीत ८०० बंद झाली, आता असा माल दिसला की दोन घ्यावेत. मी दोन घेतले. नट आखूड पान्याने, आलटून पालटून, थोडे थोडे आवळले.

सुरू केली, तर १७०० आरपीएम! इथे बाकीचं कोडं सुटलं. फट असताना गाडी बंद पडू नये म्हणून गेल्या वर्षी थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू बराच आत घेतला गेला होता. त्यामुळे थ्रॉटलची पाकळी इतकी उघडी राहायची की पेट्रोल वरच्या ट्रान्झिशनच्या, म्हणजे थ्रॉटल थोडं उघडल्यावर लागणाऱ्या, भोकांतून यायचं. मिक्स्चर स्क्रूकडे अधिकारच उरला नव्हता. शिवाय व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सचं भोक आयडलिंगलाच उघडं पडायचं आणि ठिणगी लवकर पडायची. त्याची नळी न काढता ठिणगीचं टायमिंग लावलं गेलं होतं, म्हणजे ते अ‍ॅडव्हान्स धरूनच लागलं आणि मूळ टायमिंग मागे राहिलं. फट एक, पण ती लपवण्यासाठी बाकी दोन गोष्टी बिघडवल्या गेल्या.

स्टॉप स्क्रू पूर्ण सोडला, पाकळीला टेकल्यावर अर्धा फेरा. अ‍ॅडव्हान्सची नळी काढून बंद केली, टायमिंग लाइटने खुणेवर आणलं. मग मिक्स्चर स्क्रू पाव फेरा फिरवला आणि इंजिनाने उत्तर दिलं! किती महिन्यांनी. ९०० वर बसवली, काटा १६. आरशात मागच्या स्कूटरची नंबरप्लेट वाचता आली.

एक गोष्ट राहिली आहे. काटा ठरावीक लयीत अर्धा इंच खाली झटकतो आणि परत येतो. धुराच्या वेळी शाफ्टच्या टोकाशीही बारीक धूर दिसला होता, म्हणून कार्बोरेटर बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती कडी) बदलायला टर्नरकडे द्यायचं ठरवून हे लिहायला बसलो. पण लिहिता लिहिता वाटतंय, शाफ्टमधून हवा जात असती तर काटा सरसकट खाली राहिला असता, लयीत झटकला नसता. लय म्हणजे एकच सिलिंडर. आत्ता खाली जाऊन प्लगच्या वायरी एकेक काढून आलो. १ आणि ३ काढल्यावर इंजिन बसतं, २ काढल्यावर फरक त्या मानाने कमी पडतो.

बुश थांबू दे. उद्या सकाळी इंजिन थंड असताना व्हॉल्व्ह कव्हर उघडून टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हवरची फट, बघतो; थंड इंजिनाला ०.१५ मिलिमीटर. दोन नंबरचा एक्झॉस्ट घट्ट निघावा अशी फार इच्छा आहे. तो बरोबर निघाला तर कॉम्प्रेशन गेज मागून आणावं लागेल. टॅपेटचं पॅकिंग घरात आहे, चहा झाला की साडेसहाला सुरू करतो.