माशिकोतला ऊस

तोक्योबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडे फारसं नाही. गर्दी, लखलखाट, दुखरे पाय. माशिको हे कुंभारांचं खेडं मात्र मनातून जात नाही. ओयामापर्यंत शिंकानसेन, मग शिमोदाते, तिथून एक छोटी गाडी आणि दोन्ही बाजूंना भातखाचरं.

जपानी कुंभार शोजी हमादा १९२० साली इंग्रज कुंभार बर्नार्ड लीचबरोबर इंग्लंडला गेले, सेंट आइव्हजला दोघांनी भट्टी उभारली. १९२४मध्ये परतल्यावर हमादांनी क्योतोसारखं नावाजलेलं शहर सोडून हे खेडं निवडलं. इथली माती भरड, वाळूमिश्रित. त्यांना तीच हवी होती.

त्यांच्या घराचं आता संग्रहालय झालंय. शाकारलेल्या जाडजूड छपरांखालच्या एका दालनात मी एका बाटलीसमोर थबकले. तिच्यावर ऊस होता! दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटावर पाहिलेला ऊस हमादा आयुष्यभर रंगवत राहिले. एक दांडा, कुंचल्याचे तीन-चार फटकारे, की पानं वाऱ्याने एका अंगाला कललेली. मी शिरोळची, वाऱ्यावर ऊस कसा वाकतो ते मला कुणी शिकवायला नको. इतक्या कमी रेषांत तो इतका खरा उतरलेला मी आमच्याकडेही पाहिला नाही. डोळे भरून आले आणि मी बराच वेळ तिथेच उभी राहिले.

मग बाकीची भांडी वेगळीच दिसू लागली. ती तांबूस-तपकिरी झिलई म्हणजे जवळच्याच खाणीतला दगड, कुटून पाण्यात कालवलेला. दुधाळ पांढरी झिलई भाताच्या तुसाच्या राखेची. तुसात सिलिका, म्हणजे काचेचा मुख्य घटक, भरपूर, त्यामुळे हा रंग येतो. गाडीतून पाहिलेली खाचरं इथे भांड्यांवर चढली होती.

मागे उतारावर चढत गेलेली त्यांची भट्टी आहे. २०११च्या भूकंपात तिची पडझड झाली. ती पुन्हा बांधली गेली आणि २०१५ साली अनेक कुंभारांनी मिळून पेटवली. मला हे संग्रहालयापेक्षाही मोलाचं वाटतं.

माशिकोला आल्यावर हमादांनी भांड्यांवर सही करणं सोडलं. माशिकोला आल्यावर हमादांनी भांड्यांवर सही करणं सोडलं. भांडं हातात घ्यावं, वापरावं, असं मानणाऱ्या माणसाची भांडी काचेआड! निदान एक वाडगा तरी हाताळू द्यावा.

वसंतात आणि शरदात इथे भांड्यांची मोठी जत्रा भरते. स्वस्तात मिळतं म्हणतात, पण मी एरवीच जाईन. रिकाम्या दुकानात एका कुंभारकाकूंनी मला प्रत्येक कप हातात घेऊ दिला, घाई केली नाही. मी राखेच्या झिलईचा घेतला. चहा त्यातच पिते.