लीड्सच्या भिंतीवरचं गोणपाट

मे महिन्यात ताईकडे इंग्लंडात लीड्सला जाऊन आले. परत आल्यापासून सगळे विचारतायत काय काय पाहिलं, तर खरं सांगायचं म्हणजे मी सगळ्यात जास्त वेळ तिच्या घराची भिंत बघत होते.

टेरेस म्हटलं की आपल्याला गच्ची आठवते, तिकडे टेरेस म्हणजे गल्लीभर एकाला एक चिकटून बांधलेली घरं, मधली भिंत शेजाऱ्याची आणि आपली मिळून, म्हणजे आमच्या नेरूळच्या सिडकोच्या रो हाऊससारखंच. ताईचं घर व्हिक्टोरिया राणीच्या शेवटच्या काळातलं, लाल विटांचं, वर स्लेटच्या पाट्यांचं छप्पर, खोल्याखोल्यांत शेगडी असायची म्हणून छपरावर धुराड्यांची रांग, पुढे बे विंडो, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेली खिडकी, आणि मागे छोटंसं फरसबंद अंगण जिथे पूर्वी कोळसा आणि संडास असायचा. १८५० मध्ये इंग्लंडात विटांवरचा कर गेला, पुढच्याच वर्षी खिडक्यांवरचाही गेला (हो, खिडक्यांवर कर होता!), रेल्वेने विटा आणि वेल्सची स्लेट कुठेही पोचायला लागली, आणि १८७५ च्या पब्लिक हेल्थ अ‍ॅक्टनंतर गावोगावच्या पालिकांनी रस्त्याची रुंदी, गटार, घरामागची मोकळी जागा यांचे नियम घातले, म्हणून गल्ल्याच्या गल्ल्या सारख्या दिसतात. लीड्समध्ये पाठीला पाठ लावलेली घरंही खूप आहेत, तीन बाजू बंद आणि हवा फक्त पुढून. १९०९ च्या कायद्याने ती बंद केली तरी तिथे १९३७ पर्यंत बांधत होते, हे ऐकून मला वाईटच वाटलं.

बाबांनी ठाण्यात साइट सुपरवायझर म्हणून आयुष्य काढलंय. व्हिडिओ कॉलवर म्हणाले, "माणसं नंतर दाखव, आधी कॅमेरा भिंतीजवळ ने." मग मोजायला लागले, तीन थर लांब बाजू बाहेर असलेल्या विटांचे आणि मग एक थर आखूड तोंडाच्या विटांचा. ती आखूड वीट आरपार जाते, पुढची आणि मागची वीट बांधून ठेवते. नऊ इंची भरीव भिंत, आत पोकळी नाही. आणि दर्जा, म्हणजे विटांमधल्या फटी, चुन्याने भरलेल्या. पावसाचं पाणी भिंत थोडं पिते आणि ऊन-वारा आला की ते चुन्यातून परत बाहेर जातं, विटेपेक्षा चुना मऊ म्हणून झीज झाली तर चुन्याची होते आणि तो पुन्हा भरता येतो.

ताईच्या हॉलमध्ये ओल आली होती, पोपडे सुटत होते. आधीच्या कुणीतरी सगळ्या दर्जा सिमेंटने भरून टाकलेल्या, घट्ट, चांगल्या मनानेच असणार. पण पाणी दर्जेतून निघेना, ते विटेत अडकलं, हिवाळ्यात गोठलं, गोठून फुगलं आणि विटांची तोंडंच उडाली. शंभर-सव्वाशे वर्षं ज्या विटेला काही झालं नाही तिचा चुरा हातात येत होता, फार जिवाला लागलं ते. आपल्याकडे आरसीसी, गणित वेगळं, पण जुन्या वाड्यांना जिथे तिथे सिमेंटचा गिलावा फासतात तिथे हेच होतं असं बाबा म्हणाले, त्यांनी लहानपणी चुना मळायची घाणी फिरताना पाहिलीय.

मी असतानाच गवंडी आला. मशीन नाही लावलं त्याने, छिन्नी-हातोडीने दोन दिवस नुसतं सिमेंट काढत होता, विटेची कड सांभाळून. मग चुना भरला. थंडीत हे काम करत नाहीत, चुना आवळायच्या आत गोठतो, म्हणून मे पर्यंत थांबले होते. शेवटी त्याने भिंतीवर ओलं गोणपाट लटकवलं, चुना घाईने वाळू नये म्हणून.

बाबांना ते दाखवलं तर किती तरी वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, "ताईला सांग, दिवसातून दोनदा पाणी मारायचं. सकाळी विसरायचं नाही."