ह कुठी गेला?

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं. त्यामुळे आठवीत आलो तरी ती आमच्यासाठी फक्त डोळ्यांनी वाचायची भाषा होती, कानाचा तिच्याशी संबंधच नव्हता. वाचायला उभं केलं की धुऱ्यावर काटेरी तारेचे खांब रोवावेत तसा एकेक शब्द ठोकायचो. धिस. इज. ॲन. ऑरेंज.

दिवाळी नुकतीच झालेली, संत्र्याच्या आंबिया बहाराची तोडणी चालू, निम्मा वर्ग बागेत. अशा एका दिवशी इंग्रजीच्या सरांनी पिशवीतून संत्रा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "अ-नॉरेंज." मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, नॉरेंज काय अस्ते?" वर्ग हसला. सर हसले नाहीत. फळ्यावर दोन शब्द लिहून त्यांनी खालून खडूची कमान काढली, 'ॲन'च्या शेपटापासून 'ऑरेंज'च्या तोंडापर्यंत. पहिला शब्द व्यंजनावर संपला आणि दुसरा स्वराने सुरू झाला, की बोलताना ते व्यंजन पलीकडे उडी मारतं. 'पिक इट अप' नाही, पि-कि-टप. 'नॉट ॲट ऑल' नाही, नॉ-टॅ-टॉल. आणि आवाज बघायचा, अक्षर नाही. म्हणून 'ॲन अवर'चं अ-नावर, एच लिहिलेला असला तरी.

मग एक कोडं सुटलं. घरच्या रेडिओवर बातम्यांआधी एक बाई 'दिसिझॉलिंडिया रेडिओ' म्हणायच्या. हा दिसिझॉलिंडिया मला कुठला तरी देश वाटायचा! ते 'धिस इज ऑल इंडिया रेडिओ' होतं.

पण खरा धडा 'टेल हिम'चा. सर म्हणाले, भरभर बोलताना इंग्रज 'टेलिम' म्हणतो. आम्ही विचारलं, ह कुठी गेला?

"तुयी माय तुले काय म्हन्ते? काय करून राहिला, का काय करून रायला?"

"रायला."

"मंग तिचा ह कुठी गेला?"

"खाल्ला, सर."

"तसाच त्यायनं खाल्ला."

जोर दिला की मात्र तो परत येतो, हेही त्यांनी सांगितलं. 'तिला नाही, त्याला सांग' म्हणायचं असेल तर 'हिम' पूर्ण उच्चारायचं. 'डिड यू'चं डिजू आणि 'वाँट यू'चं वाँचू त्याच आठवड्यात झालं, पण ते परीक्षेत येत नाही म्हणून आम्ही फार मनावर घेतलं नाही. सर स्वतः जन्मभर 'इस्कूल'च म्हणत राहिले, हेही लिहायला हवं.

पुढे पुण्याला वसतिगृहात माझ्या 'जेवून रायलो'वर पोरं खिदळायची. तीच पोरं 'येतो आहे'चं 'येतोय' आणि 'नको आहे'चं 'नकोय' करायची, ते मात्र प्रमाण! सुरुवातीला लाजायचो. मग टेलिम आठवायचं आणि मी मुद्दाम आणखी जोरात 'रायलो' म्हणायचो.

मागच्या वर्षी सरांना फोन केला, वाचलेलं काही सांगायला. इंग्रजीतला 'एप्रन' मुळात 'नेप्रन' होता. 'अ नेप्रन' म्हणता म्हणता लोकांना 'ॲन एप्रन' ऐकू आलं आणि न कायमचा अलीकडच्या शब्दाला चिकटला. सर खूश झाले. म्हटलं, आपल्या संत्र्याचंही तसंच आहे. संस्कृतात नारंग, फारसीत नारंग, अरबीत नारंज. फ्रेंच-इटालियनमध्ये 'एक' म्हणायला 'उन' लावायचे, त्या 'उन'मध्ये याचा न विरघळला. स्पॅनिशमध्ये तो अजून शाबूत आहे. इंग्रजीत शब्द पोचला तो न गमावूनच.

पलीकडे जरा वेळ काही आवाज नाही. वाटलं, फोन कटला.

"म्हन्जे त्या मागच्या बाकावरच्या पोट्ट्याचं बरोबर होतं बे," सर म्हणाले. "नॉरेंजच होतं ते."