सेंदागायाचा फुजी: आईच्या गुडघ्यांना झेपलेला

आईला जपानला नेलं ते फुजीसाठी. आठ दिवस ढगांनी काही तो दिसू दिला नाही. शेवटी टोकियोत निशिकासाईला राहणारा धाकटा भाऊ म्हणाला, "चल आई, तुला फुजी चढवूनच आणतो."

तोझाई लाइनने इइदाबाशी, तिथून पिवळ्या पट्ट्याच्या लोकलने सेंदागाया. स्टेशनपासून पाचेक मिनिटं चालत गेलं की घरं-इमारतींच्या मधोमध हातोनोमोरी हाचिमान हे शिंतो देऊळ लागतं. आवारात १७८९ साली रचलेला, जेमतेम सहा मीटर उंचीचा मातीचा फुजी आहे. खऱ्या फुजीवर बायकांना १८७२ पर्यंत बंदी होती, म्हाताऱ्यांना तर तो झेपायचाच नाही. म्हणून फुजीच्या भक्तमंडळींनी गावोगाव असे छोटे फुजी उभे केले. आई म्हणाली, "म्हणजे माझ्यासारख्यांचीच सोय की!"

तोरीखालून, म्हणजे देवळाच्या कमानीखालून, जाताना वाकून नमस्कार करायचा आणि कडेने चालायचं. मधली वाट देवाची. हात धुवायला पळी असते. आधी डावा हात, मग उजवा, मग डाव्या ओंजळीत पाणी घेऊन चूळ. आईने सवयीने आचमन करून पाणी गिळलंच. तुम्ही चूळ बाजूला टाका, टाक्यात नको. देवापुढे दक्षिणा टाकायला पाच येनचं भोकाचं पिवळं नाणं जवळ ठेवा. त्यावर इंग्रजी आकडा नसतो, त्यामुळे ते भोकावरून आणि रंगावरूनच ओळखायचं. त्याचा उच्चार 'गो-एन', आणि ऋणानुबंधालाही तोच शब्द, म्हणून ते शुभ. दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, पुन्हा एकदा वाकायचं.

डोंगराच्या पायऱ्या ओबडधोबड आणि अरुंद आहेत. पावसात जाऊ नका, चपला तर नकोतच. माथ्याजवळ काळे, सच्छिद्र दगड लागतात. ते खऱ्या फुजीचा लाव्हा. आईने तिथे हात टेकवला तो बराच वेळ उचलला नाही. चढायला दहा मिनिटं पुरली, उतरताना मात्र भाऊ पुढे, मी मागे.

आवारात शोगीचं, म्हणजे जपानी बुद्धिबळाचं, एक सहाकोनी देऊळही आहे. त्यात भलीमोठी सोंगटी ठेवली आहे. भविष्याची चिठ्ठी घडी घालून कबुतर करून बांधतात, कारण हातो म्हणजे कबूतर. आईने आपलं कबूतर पर्समध्ये टाकलं आणि बाकावर बसून मावशीला फोन लावला. "फुजी झाला गं. छे, बसने कुठली, पायीच!"