दऱ्यांचा दर्या: चौथी ओळ सुटली

सापडलं एकदाचं! तीन आठवडे मॅकवरच्या फॉंटांना दोष देत होतो, पण फॉंटांचा काही संबंधच नव्हता.

लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्ये (तक्त्यांचा प्रोग्राम) माझं एक तपासणी-पत्रक आहे: ओळीगणिक एक अवघड शब्द, तो तिन्ही सिस्टिमवर नीट दिसतो का ते पाहायला. घोळ होता त्यातल्या चौथ्या ओळीत. लायनक्सवर कॅल्कमध्ये 'दऱ्या' व्यवस्थित दिसायचं, विंडोजवरही. मॅकवर मात्र त्याच घरात 'दर्या'. अर्धा र मात्रेसारखा डोक्यावर चढून रफार झालेला, आणि डोंगरातल्या दऱ्यांचा थेट समुद्र. कोहिनूर लावून पाहिला, नोटो लावला, मुक्त लावला; ढिम्म फरक नाही. इथेच शंका यायला हवी होती. लिब्रेऑफिस ५.३ पासून (२०१७) तिन्ही सिस्टिमवर अक्षरं जुळवायचं काम हार्फबझच करतं. मग इंजिन तेच, फॉंट तोच, तर अक्षर वेगळं कसं?

त्यात सातव्या ओळीतली 'तऱ्हा' मॅकवरही शाबूत होती. तोच अर्धा र, तीच फाइल. दोन रात्री याच कोड्यात गेल्या.

धागा मिळाला तो परकीय ओळींत. सिंहलीतलं 'श्री' मॅकवर तुटून त्यात हलन्त उघडा पडला होता, आणि फारसीच्या ओळीत क्रियापदाआधीचा 'मी' हा उपसर्ग पुढच्या शब्दाला चिकटला होता. ही दोन्ही घरं मी 'फॉंट नसेल' म्हणून बाजूला ठेवली होती. पण तिन्ही ठिकाणी एक समान गोष्ट आहे: न दिसणारं जोडाक्षर-चिन्ह. सिंहलीत आणि आपल्या चौथ्या ओळीत झीरो विड्थ जॉइनर (अक्षरं जोडणारं), फारसीत नॉन-जॉइनर (जुळू न देणारं). मॅकची प्रत मी सीएसव्हीतून (साध्या मजकुराच्या फाइलीतून) नेतो, आणि नेण्याआधी माझा सफाईचा मॅक्रो (छोटी आज्ञावली) चालवतो. तो मॅक्रो 'अदृश्य कचरा' म्हणून दोन्ही चिन्हं उडवत होता. म्हणजे मॅकवर पोचलेला मजकूरच वेगळा होता.

खात्री करायला शब्द एकटा एका घरात ठेवला आणि लेन हे लांबी मोजणारं फंक्शन लावलं. लायनक्सवर ६, मॅकवर ५. मग मिड या फंक्शनने चौथं अक्षर काढून युनिकोड या फंक्शनला दिलं, जे अक्षराचा क्रमांक सांगतं: लायनक्सवर ८२०५, म्हणजे जॉइनर. मॅकवर तिथे सरळ य. तो ८२०५ पाहून जो आनंद झाला तो तुम्हालाच कळेल.

'तऱ्हा' वाचली कारण ती मी इन्स्क्रिप्ट कळफलकाने टंकली होती. तिथे शिफ्ट-जेवर खरा ऱ आहे (२३५३), त्याला हलन्त जोडला की काम झालं, जॉइनर लागतच नाही. 'दऱ्या' उच्चारानुसारी कळफलकावर टंकलं होतं. तो र (२३५२), हलन्त आणि जॉइनर असं वळण घेतो. दिसायला दोन्ही एकसारखे. युनिकोड जॉइनरवालं जुनं वळणही चालवून घेतं, पण पसंती ऱ-हलन्तलाच आहे. माझंही मत पक्कं झालंय: मराठीसाठी इन्स्क्रिप्टच. शिकायला आठवडा जातो, पण पडद्यावर जे दिसतं तेच आत साठतं.

मॅक्रोतून ही दोन्ही चिन्हं काढायची ओळ वगळली. सिंहली, फारसी, चौथी ओळ, तिन्ही एका फटक्यात जागेवर! मग देवनागरी घरांपुरतं रेग्युलर एक्स्प्रेशनने (नमुना देऊन शोधायची सोय) र-हलन्त-जॉइनर शोधून ऱ-हलन्त घातलं. फक्त देवनागरीपुरतं, हे महत्त्वाचं. सिंहलीत जॉइनर ही चूक नाही, ती लिपीची गरज आहे.

वाटलं, संपलं. पण जुन्या मॅकच्या एचएफएस-प्लस (फाइली साठवायची पद्धत) डिस्कवरच्या फाइलींची नावं यादीत आणली आणि 'दऱ्या' शोधलं, तर त्या यादीतलं एकही सापडेना. ती डिस्क नावं विघटित रूपात साठवते, म्हणजे ऱ चे र आणि नुक्ता (खालचा टिंब) असे दोन तुकडे. लेन पुन्हा ६, पण या वेळी कारण निराळं. आणि गंमत बघा, बरोबर रूपाची लांबी ५ आणि जॉइनर गमावलेल्या 'दर्या'चीही ५. त्यामुळे नुसत्या लेनवर विसंबायची माझी योजना इथेच रद्द.

एनएफसीने (युनिकोडची तुकडे जोडून एकच रूप करायची रीत) नुक्तावाली जोडी पुन्हा ऱ होते, पण एनएफसी जॉइनरला हातही लावत नाही. म्हणून आता एनएफसी आणि जॉइनर शोधून बदलणं, दोन्ही पावलं लागतील.

हे लिहिताना सुचलं: प्रत्येक ओळीशेजारी एक स्तंभ ठेवायचा आणि त्यात त्या शब्दाचे सगळे युनिकोड आकडे मांडायचे. मॅकवर पोचल्यावर तेच आकडे पुन्हा काढून घरागणिक तुलना. मग डोळ्यांवर भरवसा ठेवायलाच नको. ॲ ची ओळही त्यात जाईल, कारण २००८ च्या युनिकोड ५.१ आधीच्या फाइलींत ती अ आणि चंद्र अशी जोडून आलेली असणार. बंगालीतल्या खंड त चंही तसंच. त्याला २००५ साली ४.१ मध्ये स्वतंत्र जागा मिळाली, त्याआधी तोही जॉइनरवरच चालायचा.

एक छोटी गोष्ट राहिली. मजकुराची भाषा हिंदीऐवजी मराठी केली आणि राइटरमध्ये (लिब्रेऑफिसचा लेखनाचा प्रोग्राम) ल आणि श आपल्या वळणाचे उमटले. फॉंट तोच. पाकळीदार ल पाहून मी ते पान मोठं करून बराच वेळ उघडं ठेवलं. उद्या स्तंभाचं काम सुरू, आधी ओळ चार.